वीस दारांचा पॅसेज: वरळीच्या बीडीडी चाळीतला एक मजला कसा नोंदवायचा

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याआधी हीच कुटुंबं १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत, काही तर तीन-तीन पिढ्या, राहत होती. घरातच संडास आला, म्हातारीला लिफ्ट मिळाली, पोरीला अभ्यासाला वेगळी खोली मिळाली. याचा आनंदच मानायचा. ज्यांनी मजल्यावरच्या सामाईक संडासासमोर सकाळी रांग लावलेली नाही, त्यांनी तरी चाळ टिकायला हवी होती असं म्हणू नये.

मात्र चाळ पाडली जाते तेव्हा तिच्यासोबत एका वस्तीचं बालपणही हलतं. ते नोंदवून ठेवायची धडपड वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तिन्ही ठिकाणी चालू आहे. कुणी आजोबांच्या मुलाखती घेतं, कुणी जुने फोटो गोळा करतं. यातलं बरंचसं काम एकाच जागी अडखळतं: नोंद कुटुंबाची होते. एकेका खोलीची गोष्ट वेगळी लिहिली जाते आणि शेवटी वीस गोष्टी सारख्याच निघतात. गाव कोकणातलं किंवा घाटावरचं, वडील गिरणीत, आई कष्टाळू, गणपती जोरात, सगळे एका कुटुंबासारखे. यात खोटं काही नाही, पण हाती काही लागतही नाही. या चाळीतलं मूल खोलीत फक्त जेवायचं आणि झोपायचं. बाकीचा दिवस पॅसेजमध्ये जायचा, म्हणून नोंदीचं एकक मजला हवं.

चाळ कशी बांधली होती

मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२०मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजेच बीडीडी उभं राहिलं. गिरणीकामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा बेत होता आणि पैशांसाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या: वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीला ऐंशी. २०७ला ऐंशीने गुणलं की साडेसोळा हजारांच्या आसपास आकडा येतो, मूळ बेताच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.

बांधकाम सिमेंट काँक्रीटचं. गिरगावातल्या लाकडी कठड्याच्या, चौकाकडे उघडणाऱ्या चाळींशी यांची गल्लत करू नये. तिथे गॅलरी बाहेरच्या अंगाला असते, खालचा चौक दिसतो, वारा येतो. बीडीडीत पॅसेज इमारतीच्या पोटातून जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्यांची दारं समोरासमोर येतात. पॅसेजमध्ये भर दुपारीही अंधार असतो. आवाज घुमतो. समोरच्याचं दार उघडं असलं की त्याचं ताट दिसतं. बालपणीच्या आठवणींत जे जे पुढे येतं, त्यातलं निम्मं या आराखड्यातूनच निघालेलं असतं. म्हणून गप्पांना बसण्याआधी मोजायची टेप काढावी.

सुरुवातीच्या वर्षांत वरळीच्या खोल्या भराभर भरल्या नाहीत. १९३०च्या सत्याग्रहात सरकारने इथल्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनही वापर केला. आजच्या रहिवाशांच्या घरातल्या आठवणी बहुधा त्यानंतरच्या, पण आजोबा ‘ही जेल होती’ असं सांगत असत, एवढं अनेकांनी ऐकलेलं असतं. अशी ऐकीव गोष्ट वेगळ्या शाईने लिहावी. पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच रकान्यात गेलं की पुढे दोन्ही निकामी होतात.

आधी खोली: झोपेचा नकाशा

१६० चौरस फूट म्हणजे ढोबळमानाने दहा बाय सोळा. आलेख कागदावर दोन सेंटिमीटरला एक मीटर या प्रमाणात खोली काढली की ए-फोर कागदात आरामात बसते आणि बाजूला लिहायला जागा उरते. दार, खिडकी, मोरी, ओटा, कपाट, खाट, पिंप आणि पोटमाळा असेल तर त्याची कड, एवढं काढावं. मग एकच प्रश्न: ‘काकू, रात्री कोण कुठे झोपायचं?’

या प्रश्नाला वरवरचं उत्तर देता येत नाही. हिशोबच पाहा. मोरीचे बारा, ओट्याचे दहा, कपाटाचे सहा, खाटेचे अठरा, पिंप आणि भांड्यांचे सहा असे बावन्न चौरस फूट धरले, तर १०८ उरतात. दार आत उघडायला नऊ जातात. रात्री मोरीकडे जायला दीड फुटाची वाट ठेवली तर आणखी पंधरा. उरले ८४. आडव्या माणसाला सहा बाय दोन म्हणजे बारा फूट लागतात. जमिनीवर सात माणसं, खाटेवर एक, खाटेखाली एखादं पोर. घरात अकरा-बारा माणसं असली, आणि गावाकडून आलेले भाऊबंद धरून ती असायचीच, तर उरलेल्यांनी कुठे जायचं? पॅसेजमध्ये, गच्चीवर, खाली मैदानात. पॅसेजमध्ये झोपण्याची आठवण हौसेची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यामागे ही वजाबाकी आहे.

हे आकडे नमुन्याचे. प्रत्येक खोलीत मोजून घालावेत, कारण मोरी वाढवलेली असते, पोटमाळ्याने डोक्यावरची जागा खाल्लेली असते आणि फ्रिज आल्यावर खाट गेलेली असते. म्हणून नकाशावर साल घालायचंच. एका खोलीचे निदान तीन नकाशे करावेत: वडील गिरणीत होते तेव्हाचा, १९८२च्या गिरणी संपानंतरचा आणि घर सोडतानाचा. तिन्ही शेजारी ठेवले की कुटुंबाचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही.

गिरणीतल्या पाळीचं गणितही इथेच येतं. पहिली पाळी साधारण सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते मध्यरात्र, तिसरी रात्री बारा ते सकाळी सात. तिसऱ्या पाळीचा माणूस गेला की त्याची वळकटी दुसरा उघडायचा. दिवसा तो झोपलेला असायचा, म्हणून खोलीत आवाज करायचा नाही, म्हणून मुलं दाराबाहेर. पॅसेजमधल्या खेळांचा उगम कित्येक घरांत एवढा साधा आहे. हे मुलांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं. त्यांना आठवतो तो आईचा दबक्या आवाजातला दम. दम आठवला की विचारावं, ‘तेव्हा आत कोण झोपलेलं असायचं?’ पाळी, खातं, गिरणी असं सगळं एकामागून एक बाहेर येतं.

मग पॅसेज

खोलीची रुंदी दहा फूट धरली तर एका बाजूच्या दहा खोल्यांचे शंभर फूट होतात. जिना आणि संडासाचा भाग त्यात मिळवला की लांबी आणखी वाढते. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, म्हणजे पॅसेजमध्ये ती बसते आणि रनअपलाही जागा उरते. रुंदी मात्र कमी. त्यामुळे खेळ सरळ मारण्याचा, बॉल रबरी किंवा प्लास्टिकचा, टाकणं अंडरआर्म, आणि ‘एक टप्पा आऊट’. अशा जागेतले नियम मजल्यामजल्याला वेगळे असतात. कुणाच्या दाराला लागला तर आऊट, कुणाच्या घरात गेला तर मॅच बंद, कुठल्या दारासमोर खेळायचंच नाही. हे नियम शब्दशः लिहून घ्यावेत. ज्या दारासमोर खेळायचं नाही ते दार कुणाचं, या एका प्रश्नातून मजल्यावरची सगळी नाती कळतात: रातपाळीवाला, आजारी माणूस, कडक मास्तर किंवा ज्यांच्याशी बोलणं बंद होतं असं घर.

लगोरी, विटीदांडू, गोट्या, भोवरा हे खाली मैदानात. डब्बा ऐसपैस सगळ्या चाळीभर, कारण चार मजले, जिना आणि अंधार यांच्याएवढी लपायची सोय दुसरीकडे नाही. मोठ्या पोरांची कबड्डी आणि गोविंदा जांबोरी मैदानावर, चौदा एप्रिलची तयारी आंबेडकर मैदानाच्या बाजूला. मुलींना विचारायला विसरू नये. त्यांचा पॅसेज वेगळा होता. पाण्याच्या वेळेला हंडा-कळशी लावायचं काम त्यांचं, धाकट्याला कडेवर घेऊन लंगडी खेळायची तीही त्यांनीच, आणि एका ठरावीक वयानंतर पॅसेजच्या कुठल्या टोकापलीकडे जायचं नाही हेही त्यांनाच माहीत असायचं. ती हद्द नकाशावर तुटक रेषेने दाखवावी. भावाच्या आणि बहिणीच्या नकाशांत फरक पडतो तिथे जरा वेळ थांबावं.

मजल्याचा नकाशा एका लांब कागदावर करावा, चार्टपेपर आडवा कापून जोडला तरी चालतो. दोन्ही अंगांना दहा-दहा चौकोन. प्रत्येक चौकोनात खोली क्रमांक, कुटुंबाला मजल्यावर म्हणत ते नाव (आडनाव निराळं आणि ‘भाजीवाल्या मावशी’ निराळं), गाव, गिरणी आणि ती खोली मुलांना कशासाठी माहीत होती ते. इथे टीव्ही होता, इथे शिकवणी, इथे सुई टोचून घ्यायला जायचं, इथे खाणावळ, इथे वर्गणीची पेटी, इथे भजनाचे टाळ. टीव्हीची खोली हमखास आठवते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, त्यामुळे मजल्यावरचा पहिला टीव्ही त्यानंतरचाच. १९८७मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा कुठल्या दारात किती जण बसायचे, हे विचारलं की कुणाच्या घरात सगळ्यांना मुक्त प्रवेश होता आणि कुणाच्या उंबऱ्यापाशीच बसावं लागे, हेही कळतं.

फोटो पॅसेजच्या दोन्ही टोकांवरून घ्यावेत, प्रत्येक ठिकाणी दोन उंचींवरून: एक उभ्या माणसाच्या नजरेने, एक जमिनीपासून साडेतीन फुटांवरून. आठवणीतला पॅसेज नेहमी खऱ्यापेक्षा लांब, जिना उंच आणि मैदान अफाट असतं, कारण पाहणारे डोळे साडेतीन फुटांवर होते. ही चूक सांगणाऱ्याची मानू नये. दोन फोटो शेजारी ठेवले की फरक आपोआप कळतो. त्याशिवाय वीसही दारं समोरून, सारख्या अंतरावरून: पाटी, तोरण, कडी, दारावरचा देव किंवा निळा झेंडा, चपलांची जागा.

आवाजासाठी महागडं यंत्र लागत नाही. मोबाईल विमान मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून एक फुटावर, पंखा बंद. काँक्रीटच्या भिंतींमुळे खोलीतही आवाज घुमतो. पडदे, चादरी, गाद्या आत असताना तो बराच शोषला जातो. म्हणून मुलाखत सामान हलवायच्या आधी घ्यावी. रिकाम्या खोलीत ऐकणाऱ्याला शब्द तुटक येतात आणि सांगणाऱ्याचा गळाही दाटतो, मग तपशील निसटतो. मात्र रिकाम्या पॅसेजचा दोन मिनिटांचा आवाज वेगळा घेऊन ठेवावा. एक टाळी, एक हाक, जिन्यावरून उतरणारी पावलं. बांधकामाचा हा गुण नकाशात मावत नाही.

सालाची खुंटी

‘कधीची गोष्ट?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘मी लहान होतो तेव्हाची.’ साल विचारून उपयोग नसतो, इयत्ता विचारावी. ‘तेव्हा कितवीत होतास, दादा?’ जन्मसालात सहा मिळवले की पहिलीचं साल ढोबळपणे मिळतं, पुढे इयत्तेप्रमाणे मोजायचं. मग ते एखाद्या पक्क्या घटनेवर टेकवून पाहावं. १९७२चा दुष्काळ: गावाकडून कोण आलं, रेशनवर लाल मिलो मिळायची का. जानेवारी १९७४ची वरळीची दंगल. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप. १९८३चा विश्वचषक. १९९२-९३. २६ जुलै २००५चा पाऊस. घटनेच्या आधीची की नंतरची, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

कागदांत शाळा सोडल्याचा दाखला सर्वांत कामाचा. त्यावर तारीख असते, कारण असते. १९८२-८३मध्ये मुंबईची शाळा सोडून गावच्या शाळेत नाव घातल्याचा दाखला सापडला की संपाने त्या घरात नेमकं काय केलं, हे एका ओळीत उमगतं. सुमारे अडीच लाख कामगारांचा संप म्हणून जो सांगितला जातो, तो मुलाच्या बाजूने असा दिसतो: आईबरोबर एसटीने गावी, नवी शाळा, शहरी बोलण्यावरून चिडवणं, आणि वडील मुंबईत भाजीच्या गाडीवर किंवा वॉचमनच्या कामावर. भाडेपावत्या, रेशनकार्ड, गिरणीचा पास, वर्गणीची पावती यांचे फोटो घ्यावेत, मूळ कागद हलवू नये. ते कागद घराच्या हक्काचे आहेत आणि ते हातातून सोडायला लोक तयार नसतात, ते योग्यच आहे.

भोंगा ही दुसरी खुंटी. प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा ओळखू यायचा असं जुने लोक सांगतात. कुठल्या भोंग्याला शाळेसाठी उठायचं आणि कुठल्या भोंग्याला खेळ थांबवायचा, हे विचारलं की मुलांचं घड्याळ तयार होतं. भोंगा बंद झाल्याचं साल मात्र आठवणीतून काढू नये. संप, टाळेबंदी आणि गिरणी कायमची बंद होणं या तीन गोष्टी सांगणाऱ्याच्या मनात एकच झालेल्या असतात. गिरणीचं नाव घेऊन वेगळं तपासावं.

जे पहिल्या बैठकीत येत नाही

टेप घेऊन खोलीत शिरलं की पहिला समज होतो तो सर्वेक्षणाचा. पुनर्विकासात पात्र-अपात्र ठरवण्यासाठी ‘खोलीत कोण राहतं’ हाच प्रश्न सरकारी माणूस विचारत आलेला आहे. तोच प्रश्न आपण विचारला की पोटभाडेकरू, गाववाले, लग्न होऊन गेलेली पण माघारी आलेली बहीण, ही सगळी माणसं उत्तरातून गळतात. त्यामुळे सुरुवात आजच्या राहत्या माणसांपासून करू नये. ‘तुम्ही सहावीत असताना’ असं विचारावं. नोंदीची प्रत कुठल्याही कार्यालयात जाणार नाही, हे आधी सांगावं आणि पाळावं. नाव द्यायचं नसेल तर खोली क्रमांकही झाकावा. वीस दारांच्या मजल्यावर क्रमांक म्हणजे नावच.

घोळक्यात बसलं तर मंडळाचा कार्यकर्ता बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. गणपती, गोविंदा, कबड्डी याच्या पुढे गाडी जात नाही. घोळका एकदाच बसवावा, मजल्याचा नकाशा भरायला, कारण तिथे एकमेकांना सुधारण्याचा उपयोग होतो. बाकी मुलाखती एकेकट्याच्या. बायकांच्या दुपारी दोन ते चार, स्वयंपाक आणि पाणी यांच्या मधल्या वेळात.

‘सगळे एका कुटुंबासारखे’ हे वाक्य लिहून घ्यावं, पण तिथे थांबू नये. दर मजल्यावर संडासाची दारं मोजावीत आणि माणसांच्या संख्येने भागावं. वीस खोल्यांत सात-सात माणसं म्हणजे १४० जण. त्या भागाकारातून रांग, भांडण, झाडण्याच्या पाळ्या, अमुक एका दाराला लावलेलं खासगी कुलूप हे सगळं येतं. जातीचंही तसंच. कुठल्या घरातून पाणी प्यायचं, कुठे नाही, डबा कुणाचा खायचा, हे मुलांना शिकवलेलं असतं आणि ती मुलं आज साठीची आहेत. १९७२मध्ये दलित पँथर उभी राहिली, जानेवारी १९७४मध्ये वरळीतल्या तिच्या सभेनंतर दंगल उसळली आणि १० जानेवारीला मोर्चात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले. याबद्दल ‘काय झालं?’ असं विचारलं तर दलित आणि सवर्ण अशा दोन्ही बाजूंकडून ठरलेली भाषणं मिळतात. मुलाच्या पायांनी विचारावं: त्या दिवसांत शाळेत कुठल्या रस्त्याने गेलात? कुठल्या चाळीच्या पुढे जायचं नाही असं घरून सांगितलं होतं? समोरच्या दारातल्या मित्राशी खेळणं बंद झालं का, पुन्हा कधी सुरू झालं? उत्तरं चाळीचा क्रमांक लावून ठेवली की एकाच वस्तीतले दोन नकाशे समोर येतात. ते एकत्र करून गुळगुळीत करायची घाई करू नये, ते तसेच ठेवावेत.

नोंद कुठे ठेवायची

फाईलचं नाव चाळ-मजला-खोली-तारीख या क्रमाने, सगळीकडे एकसारखं. आवाज शक्य तर वेव्ह फाईलमध्ये, व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत मूळ धरू नये, ती दबलेली असते. तीन प्रती: एक नोंद करणाऱ्याकडे, एक मजल्यावरच्याच कुणाकडे, एक जवळच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात. सांगणाऱ्याला त्याच्या मुलाखतीची प्रत आणि मजल्याचा छापील नकाशा द्यावा. टॉवरमध्ये घरं सोडतीने मिळतात, त्यामुळे समोरासमोरची दारं वेगवेगळ्या मजल्यांवर जातात. म्हणून नव्या घराचा क्रमांकही नकाशावर जुन्या क्रमांकाखाली लिहून ठेवावा, नाहीतर दुसऱ्या बैठकीसाठी माणसं शोधण्यात महिने जातात.

एका मजल्याला दोन-तीन जणांच्या गटाने रविवार धरून काम केलं तर साधारण दोन महिने लागतात: पहिला रविवार मोजमापाचा, दुसरा घोळक्याचा, नंतर एकेकट्याच्या मुलाखती आणि शेवटी नकाशा मजल्यावर टांगून दुरुस्त्या. हा शेवटचा रविवार गाळू नये. सर्वांत नेमकी माहिती तेव्हाच येते, कारण चुकीचं नाव दिसलं की माणूस स्वतःहून उठून पेन मागतो. शिवडीच्या १२ चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने त्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न बाकीच्यांपेक्षा मागे राहिला. जिथे सामान अजून बांधलेलं नाही, दारं अजून समोरासमोर उघडतात, असा मजला हाताशी असेल तर आधी तो घ्यावा आणि टॉवरमध्ये गेलेल्यांच्या मुलाखती नंतर.